दादांचं मशीन ठीक होतं

धाकटे,

पत्र तुला आहे, पण वाचताना तोंड मिटून ठेवलंस तर उपकार होतील. ‘तू असं केलंस, तू तसं म्हणालीस’ असं लिहायला घेतलं की ओळीओळीला तुझं ‘ताई, अगदी तसंच नव्हतं गं’ सुरू होणार, आणि या वयात माझ्यात तेवढा दम नाही. म्हणून तुला सरळ ‘ती’ करून टाकलंय आणि स्वतःला ‘थोरली’ करून कोपऱ्यात बसवलंय. सूड घेऊन कुणाचं भलं झालंय, असं लोक विचारतात. त्यांनी तुला पाहिलेलं नाही. नवरा गेल्यावर वाळून काटकी झालेली बाई सूड उगवता उगवता अंगाने भरली, न थांबता जिने चढायला लागली. हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. तू लिहिणार नाहीस. तुझ्या दिराने लिहिलं तर खोटं लिहील. राहिले मी. तेव्हा ऐक.

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा बसवायच्या, दांड्या गरम करून कानामागे नीट वळवायच्या, आणि डोळे तपासायला आलेल्याच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवून एकेक भिंग बदलत विचारायचं, “हे स्पष्ट, की हे?” उभ्या आयुष्यात तिने लोकांना दुसरं फारसं काही विचारलं नाही. त्या कामाचा एक नियम आहे आणि तो तिच्या हाडीमांसी भिनला होता: एका वेळी एकच भिंग बदलायचं. दोन एकदम बदलली आणि समोरच्याला बरं दिसलं, तर कशाने बरं दिसलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

तिचा नवरा आणि दीर मिळून गेमिंगचं दुकान चालवायचे. पुढे काउंटर, तिथे गिऱ्हाइकाला हवा तसा कॉम्प्युटर बांधून द्यायचा. मागे लांबोडका हॉल, तिथे तासावर खेळायला येणाऱ्यांसाठी ओळीने मशीनं मांडलेली. मशीनं बांधायचा नवरा, बोलायचा दीर. अशी वाटणी पुष्कळ घरांत असते, एक हात आणि एक तोंड. लोकांच्या लक्षात तोंड राहतं.

नवऱ्याला सगळे दादा म्हणत. नवीन मशीन गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी दादा ते एक दिवस घरी आणत. गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम लावत आणि धाकटीला मागे खुर्ची टाकून बसवत. त्या शर्यतीत एक वळण होतं, दोन्ही बाजूंना दाट झाडं आणि रस्त्यावर त्यांच्या हलत्या सावल्या. मशीनचा खरा कस तिथे लागायचा.

“बघ गं. आता?”

“तिसऱ्या झाडाशी ठेच लागतेय.”

दादा सावल्या एक पायरी कमी करत. “आता?”

“आता कमी. पण आहे.”

“आता?”

“गेली.”

ज्यांनी आयुष्यात कधी गेम खेळला नाही त्यांच्यासाठी सांगते, मीही त्यातलीच. पडद्यावर गाडी पळते म्हणजे भराभर एकामागून एक चित्रं येतात, त्यांना फ्रेम म्हणतात. सेकंदाला किती येतात तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसतो. अडाणी माणूस तो आकडा बघून खूश होतो. दादा म्हणत, किती येतात ते सोड, सारख्या अंतराने येतात का ते बघ. बदाबदा येऊन मध्येच फुस्स करणाऱ्या नळापेक्षा बारीक सलग धारेचा नळ बरा. म्हणून ते ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे ही चित्रं काढणाऱ्या भागाला, मुद्दाम लगाम घालत. कार्ड कधीमधी जेवढं धावू शकतं तेवढं त्याला धावू द्यायचं नाही, ते कायम जेवढं धावेल तेवढ्यावर बांधून टाकायचं. आकडा लहान दिसे, पण गाडी लोण्यावरून सुरी फिरावी तशी वळणातून जाई. आकडा दादा बघत, ठेच धाकटी बघे. दुकानातून बाहेर पडलेलं एकही मशीन असं नव्हतं जे तिच्या नजरेखालून गेलेलं नाही. हे दिराला ठाऊक होतं. ठाऊक असून तो पुढे जे बोलला ते बोलला, एवढं ध्यानात घ्या.

दादा गेले. साध्या तापाचं निमित्त झालं आणि माणूस हातचा गेला.

त्यानंतर फार दिवस झाले नव्हते. त्यांची स्क्रूड्रायव्हरची डबी दुकानात राहिली होती, ती आणायला धाकटी एका दुपारी गेली. काउंटरशी एक माणूस तावातावाने बोलत होता, की मशीन झटके देतं, गाडी वळणावर आली की चित्र अडकतं, एवढे पैसे मोजले ते काय फोटो बघायला? दीर दाराकडे पाठ करून उभा होता. त्याने एक लांब सुस्कारा सोडला. सुस्कारे सोडण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

“काय सांगू साहेब तुम्हाला. आमच्या दादाचं काम. गेला बिचारा, गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण त्याच्या हाताला यशच नव्हतं. सगळी मशीनं अशीच करून ठेवलीत. आता मी निस्तरतोय एकेक.”

मग तो वळला.

“अरे, वहिनी! कधी आलात? या ना आत. चहा सांगू?”

“नको. डबी न्यायला आलेय.”

“कुठली डबी?”

“ज्या हाताला यश नव्हतं ना भाऊजी, त्या हाताची.”

गिऱ्हाइकाने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि मोबाइल काढून उगाच त्यात डोकं खुपसलं. दीर हसला. ओशाळून नव्हे हं, ‘चालायचंच’ अशा अर्थाने हसला. शब्द तिने कदाचित गिळलेही असते. ते हसणं काही गिळता आलं नाही.

घरी येऊन तिने थोरलीला फोन केला.

“मग? कानाखाली वाजवलीस की नाही?”

“नाही.”

“मग केलंस काय?”

“डबी घेतली आणि आले.”

“अगं, चारचौघांत ठेवून द्यायची ना एक!”

“ताई, थोबाडीत दिलेली लोक संध्याकाळपर्यंत विसरतात. वर ‘दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं’ म्हणतात. मला त्याच्याच तोंडून ऐकायचंय, त्याच काउंटरवर, गिऱ्हाइकांच्या देखत, की दादांचं काम चांगलं होतं. तोवर त्याला सुखाचा घास नको.”

थोरलीला तेव्हा वाटलं, बोलतेय रागाने, उतरेल आठवड्याभरात. बहिणीला ओळखण्यात थोरली नेहमीच कमी पडत आलीय.

धाकटीने खिडकीजवळच्या टेबलावरचं दादांचं स्वतःचं मशीन चालू केलं. इतकी वर्षं ती मागच्या खुर्चीत बसली होती. आता पुढच्या खुर्चीत बसली आणि तिच्या लक्षात आलं, की ठेच ओळखता येते, पण ती कुठून येते ते ठाऊक नाही. तेव्हा तिने चष्म्याच्या दुकानातलीच रीत धरली. दादांनी लावलेल्या सेटिंगपैकी एक उचलायचं, मुद्दाम बिघडवायचं, झाडांच्या वळणावर गाडी न्यायची, काय होतं ते डोळे भरून बघायचं, आणि परत होतं तसं करून पुढचं उचलायचं. सावल्या वाढवल्या की अमुक प्रकारची ठेच. लगाम काढला की आकडा फुगतो, पण गाडी दचके खाते. थोरली एकदा सकाळीच गेली तर ही बाई पडद्याला नाक लावून पुटपुटत होती.

“काय चाललंय?”

“आजार लावून बघतेय.”

“कुणाला?”

“मशीनला. दिराला लावता आला असता तर काय हवं होतं.”

असे तिचे दिवस चालले असताना चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य डोळ्यांचा नंबर काढायला खाली आले. दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणणारा, देहाने आडवा, मनाने अगदी लोणी असा माणूस. गेम खेळताना डोळे दुखतात, चित्र मध्येच थांबल्यासारखं दिसतं, नंबर लागला असणार, असं म्हणाले. धाकटीने भिंगं चढवली, उतरवली. डोळे ठणठणीत.

“डॉक्टर, डोळ्यांना काही झालेलं नाही. चित्र खरंच थांबत असेल.”

“असं कसं? नवीन कार्ड घातलंय. दुकानातच घालून दिलं. ते म्हणाले, कार्ड उत्तम आहे, पण मशीन मुळात त्यांच्या भावाने बांधलेलं, त्यामुळे…” एवढं बोलून दंतवैद्यांचे डोळे मोठे झाले. आपण कुणापुढे बोलतोय ते त्यांना आठवलं. “म्हणजे, मला तसं… माफ करा हं.”

“माफी राहू दे. मशीन घेऊन या.”

मशीन आलं. पहिली गोष्ट तिला दिसली ती लगामाची. दादांनी घातलेला लगाम दिराने सोडून दिला होता आणि सगळी सेटिंग टोकाला नेऊन ठेवली होती. का? तर कोपऱ्यातला आकडा मोठा दिसला की गिऱ्हाईक काउंटरवर खूश होतं. घरी जाऊन ते दचके खाईना का. धाकटीने फक्त लगाम घातला आणि दंतवैद्यांना पुढे बसवलं.

“हे बरं, की आधीचं?”

“हे बरं. पण अडकतंय अजून अधूनमधून.”

“बरोबर बोललात. आहे अजून काहीतरी.”

ते काहीतरी तिला आत शिरल्यावर सापडलं. ड्रायव्हर म्हणजे कार्डाचा दुभाष्या. मशीन एक भाषा बोलतं, कार्ड दुसरी, मध्ये हा. दिराने एका कंपनीचं कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचं घातलं, पण जुन्याचा दुभाष्या घरात तसाच ठेवून नव्याचा आणून बसवला. आता एकाच घरात दोन दुभाषे, आणि एक बोलायला लागला की दुसरा मध्येच तोंड घालतो. असं करू नये हे दादा नेहमी बजावायचे. नवा ड्रायव्हर आधी इंटरनेटवरून उतरवून ठेव, मग इंटरनेटची वायर उपटून टाक, नाहीतर मशीन शहाणपणा करून स्वतःच कुठला तरी ड्रायव्हर आणून घुसवतं. मग सेफ मोडमध्ये, म्हणजे मशीन जेमतेम जागं ठेवून, जुन्याचा अंश न् अंश पूस. मग नवा बसव. कंटाळवाणं काम आहे, बोलघेवड्या माणसाला जमणारं नाही. आणि दिराने दादा गेल्यावर हॉलमधली आणि गिऱ्हाइकांची कार्डं अशीच बदलली होती, घाऊक भावात, धडाधड.

म्हणजे बिघाड त्याचा, आणि नाव गेलेल्याचं. हे कळलं तेव्हा धाकटी खुर्चीत मागे रेलली आणि पोटभर हसली. दंतवैद्यांना काही कळेना. आतापर्यंत तिच्याकडे नुसता राग होता, आता हत्यार आलं.

तिने दुभाष्या हाकलला, नवा नीट बसवला. झाडांच्या वळणावरून गाडी अशी गेली की दंतवैद्य लहान मुलासारखे टाळ्या पिटायला लागले.

“काय द्यायचं तुम्हाला?”

“पैसे नकोत. एक काम करा. दुकानात जायचं, काउंटरशी कुणीतरी गिऱ्हाईक उभं असेल असं बघायचं, आणि मोठ्याने म्हणायचं, ‘दादांचं मशीन ठीक होतं.’ एवढंच. भांडायचं नाही, वर एक शब्द नको. म्हणायचं आणि निघून यायचं.”

“एवढंच?”

“जमेल?”

“अहो, मी लोकांचे दात उपटतो!”

दंतवैद्य गेले, म्हणाले, आले. येताना इतके खुशीत होते की त्यांनी ते आपल्या सगळ्या रुग्णांना सांगितलं, आणि तोंडात कापूस असलेला रुग्ण मध्ये बोलू शकत नाही, त्यामुळे गोष्ट अख्खीच्या अख्खी पसरली. पाठोपाठ पोहण्याच्या तलावावरची कोच मशीन घेऊन आली. मग बँकेतला कॅशियर. मग त्याचा मेव्हणा. धाकटी एकेकाला पुढे बसवायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि विचारायची, “हे बरं, की हे?” काहींचं तर मशीन बिघडलेलंच नसायचं, नुसत्या सावल्या हावरटासारख्या वाढवून ठेवलेल्या असायच्या. त्यांनाही ती सोडायची नाही. फी सगळ्यांना सारखी.

आता डोळ्यांपुढे आणा. दीर काउंटरवर नव्या माणसाला गोड गोड बोलून पटवतोय. दार उघडतं, एक अनोळखी बाई आत डोकावते, “दादांचं मशीन ठीक होतं,” म्हणते आणि जाते. दुसऱ्या दिवशी टाय लावलेला गृहस्थ. “दादांचं मशीन ठीक होतं. नमस्कार.” शेवटी शेवटी तर दार वाजलं की दीर दचकायचा. कोच म्हणे मुद्दाम दोनदा जाऊन आली, एकदा स्वतःच्या फीपोटी आणि एकदा हौस म्हणून.

मग एका संध्याकाळी दीर घरी आला. थोरली तिथेच बसली होती, नशीब तिचं.

“वहिनी, हे काय चालवलंय तुम्ही?”

“काय चालवलंय?”

“कोणीही येतं आणि दादाचं मशीन ठीक होतं म्हणून जातं. माझं गिऱ्हाईक बिचकतं!”

“मग? ठीक नव्हतं का?”

“प्रश्न तो नाहीये.”

“माझा तोच आहे.”

दिराने पवित्रा बदलला. आवाजात साखर आली. “हे बघा, आपण घरची माणसं. तुमच्या हातात कसब आहे, मान्य. दुकानात या, बसा, मशीनं बघा. पगार देतो.”

“येते ना. पगार नको. तुम्ही काउंटरवर उभं राहून गिऱ्हाइकांसमोर सांगा, की दादांचं काम चांगलं होतं, बिघडवलं मी. त्या दिवसापासून येते.”

“घरातल्या गोष्टी दुकानात कशाला न्यायच्या, वहिनी?”

“पहिल्यांदा कुणी नेल्या, भाऊजी?”

दीर थोरलीकडे वळला. “ताई, तुम्ही तरी सांगा हिला काहीतरी.”

“मी सांगितलं होतं,” थोरली म्हणाली. “कानाखाली वाजव म्हणून. तिने ऐकलं नाही. तुझं नशीब चांगलं.”

चहाला हात न लावता तो गेला. माणूस वाईट नव्हता असं पुष्कळ लोक म्हणतात. वाईट कशाला असायला हवा? भित्रा आणि बडबड्या एवढं पुरे होतं. आपला हात चुकला हे कबूल करायला जी छाती लागते, तेवढी त्याच्यात नव्हती, आणि जवळ एक मेलेला माणूस होता ज्याच्या खांद्यावर सगळं टाकता येत होतं.

गिऱ्हाईक परत यावं म्हणून त्याने हॉलमध्ये शर्यतीची स्पर्धा ठेवली. रविवारची सकाळ, पताका, माइक, भिंतीवर मोठा पडदा. ‘नवी कार्डं, नवा वेग’ असा फलक. दंतवैद्यांनी नाव दिलं होतं आणि धाकटीला हट्टाने बरोबर नेलं होतं. ती मागच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली. थोरली शेजारी. पहिलीच फेरी सुरू झाली आणि वळणावर गाड्या उचक्या लागल्यासारख्या उडायला लागल्या. एकाची गाडी झाडात, दुसऱ्याची नदीत. पोरं ओरडायला लागली, “फसवणूक! फसवणूक!”

दिराने माइक उचलला. आता तरी त्या माणसाने गप्प बसावं की नाही?

“शांत, शांत. मित्रांनो, कार्डं नवी आहेत, पण बांधणी जुनी आहे. आमच्या कैलासवासी बंधूंनी…”

“भाऊजी!”

धाकटी उभी राहिली. आवाज तिचा कधीच मोठा नव्हता, पण चष्म्याच्या दुकानात बहिऱ्या म्हाताऱ्यांशी बोलून त्याला धार आली होती. “चहाची सुट्टी द्या आणि यातलं कुठलंही एक मशीन मला द्या. तुम्ही निवडा.”

हॉलभर माणसं. नाही कसं म्हणणार? त्याने मुद्दाम कोपऱ्यातलं सगळ्यात जुनं दाखवलं. ते दादांनी दुकान उघडलं तेव्हा बांधलेलं पहिलं मशीन होतं. धाकटी खाली बसली. नवा ड्रायव्हर उतरवून घेतला. मग वायर उपटली, तेव्हा मागे कुणीतरी कुजबुजलं, “काकूंनी इंटरनेटच काढलं की!” जुना दुभाष्या पुसला, नवा बसवला, लगाम घातला, सावल्या खाली आणल्या. लोकांचे चहा संपले, बिस्किटं संपली, पण कुणी घरी गेलं नाही. दीर माइक हातात धरून तसाच उभा होता.

मग तिने दंतवैद्यांना बसवलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर झाडांचं वळण आलं. गाडी आत शिरली, सावल्या काचेवरून सरसर सरकल्या, आणि गाडी बाहेर पडली. ठेच नाही, दचका नाही. हॉलमध्ये जो गोंगाट उठला तो विचारू नका.

धाकटी सगळ्यांकडे वळली. “हे मशीन आता दादांनी बांधलं होतं तसं आहे. बाकीची तुमच्या या बॉसच्या हातची आहेत. हे बरं, की ते? तुम्हीच सांगा.”

“काकू, बाकीचीही करा ना!”

“करते की. आत्ता करते. फक्त यांनी माइकवर एक वाक्य म्हणायचंय. माहीत आहे त्यांना कुठलं.”

आता सगळे त्याच्याकडे बघत होते. कोच पहिल्या रांगेत उभी राहिली आणि ओठांनी ते वाक्य त्याला सांगायलाही लागली, शाळेच्या नाटकात बाई सांगतात तशी. दिराने माइक तोंडाजवळ नेला. त्याचे ओठ हलले. थोरलीने धाकटीचा हात घट्ट धरला. वाटलं, आता आलं.

“तांत्रिक अडचणीमुळे,” दीर म्हणाला, “स्पर्धा पुढे ढकलण्यात येत आहे.”

लोक उठले. हसत उठले, आणि ते फार वाईट. चिडून उठले असते तर परत आले असते. जाता जाता दारातून एकेकजण वळून मोठ्याने म्हणत होता, “दादांचं मशीन ठीक होतं!” धाकटीने कुणाला सांगितलं नव्हतं. फी नसताना म्हणत होते.

तरी ती घरी आली ती ओठ दाबूनच. थोरली म्हणाली, “अगं, अख्ख्या गावाला कळलं! आणखी काय हवं?” तर म्हणे, “गावाच्या तोंडून नको होतं, ताई. त्याच्या हवं होतं.”

काही दिवसांनी दीर थोरलीला तिच्या इमारतीच्या जिन्यात गाठून उभा राहिला. दाढी वाढलेली. हॉल ओस पडायला आला होता. येणारे सगळे कोपऱ्यातल्या त्या एका मशीनसाठी नंबर लावायचे आणि बाकीच्यांकडे बघायचेही नाहीत.

“ताई, वहिनींना सांगा. दादाचं काम चांगलं होतं. मला काय कळत नव्हतं होय? चांगलंच होतं.”

थोरली तशीच तडक धाकटीकडे गेली. म्हटलं, अखेर बोलला एकदाचा.

“कुठे बोलला?” धाकटीने विचारलं.

“आमच्या जिन्यात.”

“कोण होतं तिथे?”

“मी. आणि मांजर.”

“मग मांजराचं मशीन करून देते, घेऊन ये.”

संपलं. त्यावर पुन्हा तिने तो विषय काढला नाही. चष्म्याच्या दुकानातून ती निवृत्त झाली. आता खिडकीजवळच्या टेबलाशी लोकांची मशीनं येतात, आणि फी म्हणून अजूनही कुणीतरी त्या काउंटरवर जाऊन ते वाक्य म्हणून येतं. दिराने दाराची घंटा काढून टाकली असं ऐकते.

आणि आता, धाकटे, तुला परत ‘तू’ करते, कारण यापुढचं तुझ्यामाझ्यातलं आहे.

मागच्या वर्षी तू माझ्या हातात तो पेन ड्राइव्ह ठेवलास. त्याच्या हॉलमधल्या कार्डांना चालेल तो ड्रायव्हर त्यात आहे, आणि दादांची सगळी सेटिंग. “जाता जाता त्याला दे,” म्हणालीस. “आधी वायर काढ, जुना पूर्ण पूस, मगच हा टाक, एवढं सांग.” मी म्हटलं, एवढं माझ्या लक्षात राहील होय? तर म्हणालीस, तुला लोकांची लग्नातली भांडणं लक्षात राहतात, हे काय जड आहे. मी विचारलं, आता दया आली का त्याची? तू पडद्यावरून नजर न काढता म्हणालीस, “त्याची कसली दया. ती मशीनं ह्यांनी बांधलीत. उचक्या देत पडलेली बघवत नाहीत.”

तो पेन ड्राइव्ह माझ्या पर्सच्या चेनच्या कप्प्यात आहे. माझी बस त्याच्या दुकानाच्या बरोबर समोर थांबते, हे तुला ठाऊक आहे. दारावरून मी आठवड्यातून दोनदा तरी जाते. आत हॉलमध्ये उरल्यासुरल्या पोरांची ओरड ऐकू येते, म्हणजे गाड्या अजून झाडांत घुसताहेत.

भेटले की तू विचारतेस, “दिलास का गं?”

“नाही, तिकडे जाणं झालं नाही.”

“बरं,” म्हणतेस तू, “पुढच्या वेळी दे,” आणि पडद्याकडे वळून गाडी चालू करतेस. तुझं चष्म्याचं दुकान तिथून चालत पाच मिनिटांवर होतं, दंतवैद्य रोज त्या रस्त्याने जातात, कोचला सांगितलंस तर ती उडी मारत जाईल. तू कुणाला सांगत नाहीस. आणि माझं तिकडे जाणं काही होत नाही.

तुझी,
ताई